बैलाला मारलेली हाक

संध्याकाळी मोबाईल वाजला की त्या दिवसांत मी तो लगेच उचलायची नाही. फोन गावाकडून असायचा, सासूबाईंचा. मी त्यांना आत्याबाई म्हणते. हिंगोली जिल्ह्यातल्या आमच्या गावी त्या माझ्या धाकट्या दिरांपाशी राहतात. डोळ्यांनी त्यांना आता काही दिसत नाही, उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. माणूस त्यांच्यासाठी आवाजापुरताच उरला आहे. फोनवर त्या आधी माझी चौकशी करायच्या, खाल्लं का, पाऊस आहे का, असं विचारायच्या, आणि मग हळूच म्हणायच्या, "बाळूला दे बरं. नुसतं हं म्हणू दे." बाळू म्हणजे माझे यजमान. मी फोन यांच्या कानाला लावायची. यांचे ओठ हलायचे, गळ्याची शीर फुगायची, पण शब्द काही बाहेर यायचा नाही. मग हे तोंड भिंतीकडे फिरवायचे. फोनमधून आत्याबाईंची हाक येतच राहायची, बाळू, बाळू. त्यांना सगळं सांगितलेलं होतं, तरी रोज त्यांना वाटायचं, आज बोलेल.

माझी शाळा सातवीत सुटली. लिहायचं म्हटलं की काहीतरी चुकेल अशी धास्ती वाटते. तरीही हे लिहिते आहे, कारण जे झालं ते मनात एकटीनं ठेवण्यासारखं नाही.

आम्ही इकडे आलो ते पोल्ट्रीच्या कामाला. मार्गासनीच्या पुढे, वेल्ह्याच्या रस्त्यापासून आत, डोंगराच्या पायथ्याला एक छोटं गाव आहे. तिथल्या एका शेतकऱ्याच्या कोंबड्यांच्या शेडवर कामाला जोडपं हवं होतं. शेडला लागून राहायला खोली मिळाली. मालकांची आई हौसाआक्का, साठीच्या पुढची बाई, तोंडानं फटकळ. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "हितं डोंगर बघून रडायला येतंय नव्या माणसाला. येईल तेवढं रडून घे, मग कामाला लाग." खरंच, आमच्याकडे नजर टाकाल तिथपर्यंत सपाट रान. इथं चारी बाजूंनी डोंगर, आणि आभाळ तेवढं मधल्या जागेत. सुरुवातीला मला कोंडल्यासारखं व्हायचं. पण हे सोबत होते. यांना बोलायची फार हौस. कोंबड्यांशी बोलायचे, एसटीच्या कंडक्टरशी बोलायचे, जेवताना माझ्याशी बोलायचे. मी कंटाळून कधी म्हणायची, "आता जरा गप बसा ना." नंतर ती गोष्ट मला फार आठवायची.

होळी होऊन गेली होती. सकाळी हे शेडचे पडदे वर ओढत होते आणि दोरी यांच्या हातातून सुटली. मला वाटलं, घामानं निसटली. वळून बघितलं तर तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं आणि हे खाली तुसावर बसलेले, सभोवती पिल्लं. अंगावरून वारं गेलं होतं. मालकांनी टेम्पोत घालून पुण्याला नेलं. जीव वाचला. पाय पुढे हळूहळू टेकायला लागला, हातही थोडा उचलायला लागला, पण वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. परत येऊ शकतात, पण रोज शिकवावं लागेल.

भोरला बोलणं शिकवणाऱ्या एक बाई येत असत. नसरापूरला गाडी बदलून मी यांना घेऊन जायची. त्यांनी मला रीत दाखवली. एखादी वस्तू हातात धरायची, तिचं नाव सावकाश घ्यायचं, पहिला आवाज आपण काढायचा आणि थांबायचं. "वाट बघा," त्या म्हणाल्या, "शब्द त्यांच्या तोंडात कोंबू नका. आणि एकही दिवस सोडू नका." त्या दिवसापासून शेडचं काम आटोपलं की आम्ही खोलीच्या उंबऱ्यात बसायचो. मी कप धरायची. "क..." म्हणायची आणि थांबायची. कंगवा धरायची. यांच्या कपाळावर घाम यायचा. काही दिवस तर हे कपाला आधी हसायचे, मग रडायचे. उन्हाळा असाच गेला. ना कपाचा कप झाला, ना कंगव्याचा कंगवा.

माणूस कशाच्या जोरावर उठतो हे मला तेव्हा कळेनासं झालं होतं. सकाळी डोळे उघडले की आधी वाटायचं, कशाला उठू. मग कोंबड्यांचा कालवा ऐकू यायचा आणि उठावं लागायचं. देवाचं नाव घेत होते, पण ते सवयीनं. मनात एकच प्रश्न होता. हे बोलतील का? कोणी एकदा सांगून टाकावं, हो किंवा नाही. म्हणजे कष्ट करायचे की मन आवरायचं, ते तरी ठरवता येईल.

या गावात वरच्या टेकाडावर वाघजाईचं देऊळ आहे. इथली माणसं अडीअडचणीला देवीला कौल लावतात. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवायची, प्रश्न विचारायचा आणि हात जोडून उभं राहायचं. उजवं फूल पडलं तर देवी होय म्हणाली, डावं पडलं तर नाही. आमच्या गावाकडे ही रीत नाही. तिकडे मारुतीला नारळ फोडतात आणि गप घरी येतात. इथं मी एकदा आक्कासोबत गेले होते तेव्हा गुरवानं लावलेला कौल दारातून बघितला होता. फूल पडलं तशी ज्या बाईचा प्रश्न होता तिनं जमिनीला कपाळ टेकलं होतं. तिचा चेहरा माझ्या मनात राहिला.

ज्येष्ठातली एक दुपार होती. मी एकटीच वर गेले. गुरवाला बोलावलं नाही. माझा प्रश्न चारचौघांत विचारायची मला लाज वाटत होती, आणि उत्तर वाईट आलं तर ते माझ्यापाशीच राहावं असंही वाटत होतं. वाटेतल्या तगरीची दोन फुलं तोडली, तांब्यातल्या पाण्यात भिजवली आणि देवीच्या खांद्यांवर लावली. म्हटलं, "आई, आम्ही लांबची माणसं. तुझ्या पायाशी येऊन पडलोत. यांची वाचा परत येणार असेल तर उजवं दे." आणि उभी राहिले. देवळात गारवा होता, बाहेर कुठंतरी शेळ्यांच्या घंट्या वाजत होत्या. बराच वेळ काहीच हललं नाही. मग डावीकडचं फूल हळूच घसरलं आणि देवीच्या पायाशी पडलं. उजवीकडचं तसंच खांद्यावर, पांढरं, टवटवीत.

मी नमस्कार केला की नाही तेही मला आठवत नाही. टेकाड कसं उतरले ते ठाऊक नाही. कोणाला काही बोलले नाही.

त्यानंतर मी शिकवायचं सोडलं. राग म्हणून नाही, पण देवीनंच नाही म्हटल्यावर रोज त्या माणसाला घाम फोडायचा कशाला? मी यांना जेवू घालायची, अंघोळीला पाणी द्यायची, पाठ चोळायची. उंबऱ्यात बसायची वेळ झाली की मी उगाच शेडमध्ये जाऊन पाण्याची भांडी घासायची. असे काही दिवस गेले. एका संध्याकाळी भांडी घासून आले तर हे उंबऱ्यात बसलेले होते. शेजारी कप, कंगवा, साबण, चमचा, सगळं ओळीनं मांडलेलं. चांगल्या हातानं कप उचलून यांनी माझ्यापुढे धरला आणि वाट बघत बसले. डोळ्यांत तक्रार नव्हती. शाळेत बाई उशिरा आल्यावर पोरं जशी बघतात तसे बघत होते.

मी खाली बसले. "क..." म्हटलं आणि थांबले. पुन्हा काही आलं नाही. पण त्या दिवसापासून मी एकही संध्याकाळ सोडली नाही. खरं सांगते, मनात तसूभरही आशा नव्हती. देवीचं 'नाही' माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. तरी रोज कप धरायची, कारण समोर एक माणूस वाट बघत होता. आशा धरून तर कोणीही करील. आशा संपल्यावर माझ्या हातून ते काम कसं होत राहिलं, ते मला आजही उमगत नाही. ती ताकद माझी नव्हती एवढं मात्र नक्की.

आषाढात भातलावणी सुरू झाली. इथं डोंगराच्या उतारावर पायऱ्या पायऱ्यांची खाचरं असतात, म्हणजे पाणी साचवलेली भाताची शेतं. आक्का सकाळीच खोलीवर आली. "चल लावणीला. माणसं कमी हायती."

"आणि यांना एकटं कसं सोडू?"

"त्यालाबी आण. बांधावर बसंल, कावळं हाकंल. खोलीत बसून भिंतीला तोंड दाखवण्यापरीस बरं."

आम्ही यांना हाताला धरून बांधावर नेलं, पोत्यावर बसवलं आणि डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घातला. खालच्या मोठ्या खाचरात ट्रॅक्टरनं चिखलणी झाली होती, पण वरच्या अरुंद खाचरांत ट्रॅक्टर वळत नाही. तिथं आक्काचे दीर, सगळे त्यांना नाना म्हणतात, बैलजोडी घेऊन चिखल करत होते. आम्ही बाया ओळीनं वाकून रोपं लावत होतो. माझ्या एका बाजूला आक्का, दुसऱ्या बाजूला गुरवाची बायको, गुरवीणकाकी. मला भात लावायची सवय नाही. माझी ओळ वाकडी जायची आणि काकी म्हणायच्या, "मराठवाड्याची एसटी चालली बघा, फाट्या-फाट्याला वळतीय."

दुपार व्हायच्या सुमाराला वरच्या खाचरात नानांचा एक बैल मध्येच थांबला. चिखलात पाय रोवून उभा राहिला आणि मग चक्क खाली बसला. नानांनी शेपटी पिरगाळली, चार शिव्या दिल्या. बैल ढिम्म.

आक्का खालून म्हणाली, "भावजी, त्याच्या शेजारी तुमीबी बसा. दोघांचंबी वय झालंय."

बाया हसायला लागल्या. त्या हसण्यातच बांधावरून एक आवाज आला. "हल रे... हल माझ्या राजा, हल."

माझ्या हातातली रोपं चिखलात पडली. तो आवाज मी ओळखत होते. लग्न होऊन नवीन आले तेव्हा सासरच्या रानातून तो रोज सकाळी ऐकू यायचा. मी चूल पेटवत असायची आणि लांबून हे बैलाला म्हणत असायचे, हल माझ्या राजा. मान वर करून बघितलं तर हे पोत्यावरून उठून उभे राहिलेले, चांगल्या हातात काठी, डोळे बैलावर. पुन्हा म्हणाले, "हल रे."

नानांनी वळून विचारलं, "कोण वरडलं रं?"

"गप," आक्का म्हणाली. "त्याला बोलू द्या."

सगळं शेत थांबलं. पाऊस तेवढा पडत होता. हे आमच्याकडे बघून गोंधळले, जणू दुसराच कोणी बोलला. मी चिखलातून धावत गेले, म्हटलं, "अहो, परत म्हणा." यांनी तोंड उघडलं, पण मग काही आलं नाही. बैलही जागचा हलला नाही. नानांना शेवटी जू सोडावं लागलं.

भाकरी खायला आम्ही आंब्याखाली बसलो. गुरवीणकाकींनी विचारलं, "देवीला काय बोलली होतीस काय गं?" तेव्हा पहिल्यांदा माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. म्हटलं, "काकी, मी गुपचूप कौल लावला होता. देवीनं नाही म्हणून सांगितलंय. डावीकडचं फूल पडलं." मला वाटलं, आता काकी रागावतील, गुरवाशिवाय कौल लावला म्हणून. त्यांनी भाकरी हातातच ठेवली.

"कुणाच्या डावीकडचं?"

"म्हणजे? डावीकडचं. माझ्या ह्या हाताकडचं."

काकींनी कपाळाला हात लावला. मग म्हणाल्या, "अगं बये, कौल देवीचा असतुया. उजवं-डावं तिचं धरायचं. ती तुझ्याकडं तोंड करून हाय नव्हं? तुझं डावं ते तिचं उजवं. तू काय देवी हायस व्हय, तुझ्या हातानं मोजायला?"

आक्का इतकी हसली की तिला ठसका लागला. बाकीच्या बायाही हसल्या. मीसुद्धा हसले आणि हसता हसता मला असं रडू फुटलं की काकींनी मला जवळ ओढून घेतलं. त्यांच्या लुगड्याला चिखलाचा आणि भाताच्या रोपांचा वास होता. ज्या उत्तरासाठी मी देवीपुढे उभी होते ते तिनं त्याच वेळी दिलं होतं, आणि मी ते उलटं घेऊन टेकाड उतरले होते. पण त्याहून मला वेगळंच वाटत होतं. 'नाही' ऐकूनसुद्धा मी कप धरत राहिले होते, ते दिवस कोणी चालवले? माझ्या चुकीच्या समजुतीवरही तिनं पांघरूण घातलं होतं.

पुढे सगळं एकदम बरं झालं असं नाही. खोलीत कप धरला की पूर्वीसारखाच घाम. पण बैल दिसला की यांच्या तोंडून एखादा शब्द निघायचा. भोरच्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, जुने, सवयीचे शब्द डोक्यात वेगळ्या कोपऱ्यात राहतात, ते कधी कधी आधी परत येतात. असेल तसं. मला डोक्यातलं कळत नाही. त्या कोपऱ्याचं दार ज्या बांधावर होतं, तिथं आक्का आम्हाला बैल बसला त्याच दिवशी घेऊन गेली, एवढं मला कळतं. मग मी रोज संध्याकाळी यांना नानांच्या गोठ्यात न्यायला लागले. हे बैलाच्या मानेखाली खाजवायचे आणि बोलायचे, थांब, वळ, हल, पाणी. नाना दावणीपाशी बसून तंबाखू मळत म्हणायचे, "माझा बैल बिघडवला ह्या माणसानं. आता माझं ऐकत न्हाई. त्याला हिंगोलीची भाषा गोड लागती." आणि दुसऱ्या दिवशी आम्हाला उशीर झाला तर स्वतःच खोलीवर बोलवायला यायचे.

श्रावणात एकदा आम्ही असेच गोठ्यात होतो आणि आत्याबाईंचा फोन आला. इतके दिवस मी तो वाजू द्यायची, मन घट्ट करायची, मग उचलायची. त्या दिवशी कसं कोण जाणे, उचलून, स्पीकर लावून तसाच यांच्या तोंडापाशी धरला. यांना काही सांगितलं नाही. हे बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होते. पलीकडून आत्याबाई म्हणाल्या, "हॅलो, कोण हाय?" आणि हे बैलाला म्हणाले, "हल रे माझ्या राजा. हल, सरक."

नाना तंबाखू मळायचे थांबले होते. मग आत्याबाईंचा आवाज आला. रडका नाही, घाबरा नाही. आमच्या घराच्या ओट्यावर बसून त्या रोज संध्याकाळी ज्या आवाजात बोलत असत, तोच.

"बाळू, बैलं सोडलास का रे बाप्पा? हातपाय धू अन् जेवायला ये. भाकर गार व्हायली."

यांचा हात बैलाच्या पाठीवर थांबला. मान थोडी वळली, रानातून ओट्याकडे बघावं तशी.

"आलो, माय."

मी भिंतीला टेकून बसले. पलीकडून आत्याबाई इतकंच म्हणाल्या, "ये बाबा, सावकाश ये," आणि दिरांनी त्यांच्या हातातून फोन घेतला, ते मात्र रडत होते.

सुगी झाली की आम्ही गावाकडे जाऊन येणार आहोत. मालकांनी हो म्हटलं आहे. हे आता थोडं बोलतात. पाणी, भाकर, ऊन, चल, एवढं येतं. आईशी रोज दोन-तीन शब्द होतात. माझं नाव अजून यांच्या तोंडून आलेलं नाही. रात्री अंथरुणावर पडल्यावर कधी कधी त्याची फार ओढ लागते. मग मनाशी म्हणते, आधी बैलाचा नंबर लागला, मग मायचा. माझाही लागेल, आणि लागला नाही तरी मी ज्या ओळीत उभी आहे ती ओळ चांगली आहे. देवीजवळ मागताना मी पूर्वी असंच दे, आत्ताच दे, असं म्हणायची. आता नुसतं हात जोडते. काय द्यायचं आणि कोणत्या वाटेनं द्यायचं, ते तिचं ती बघते.

गुरवीणकाकी, हौसाआक्का, नाना, भोरच्या बाई, कोणाकोणाचे उपकार मोजू. परक्या मुलखात येऊन पडलेल्या आम्हाला या डोंगरातल्या माणसांनी आपलं म्हटलं. मी लिहीत असताना हे उंबऱ्यात बसलेत. कंगवा हातात घेऊन माझ्याकडे बघतायत. लिहिणं पुरे करते. जाते, शेजारी बसते, आणि पहिला आवाज काढून थांबते.